टॅलीमध्ये ओव्हरटाइमचे तास कसे टाकायचे?

तुमचं युनिट बुटीबोरीत, तीसेक कामगार, दाराशी पंचिंग मशीन, पगार टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. तरी ओव्हरटाइम आपोआप का लागत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. हिंगणा एमआयडीसीतल्या काही युनिट्सचे पगार मी करतो, त्यावरून सांगतो.

टॅली हजेरीवरून ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, काढत नाही. ओटीचे तास त्याला वेगळे द्यावे लागतात. त्यासाठी अटेंडन्स टाइपमध्ये 'ओव्हरटाइम' नावाचा प्रॉडक्शन प्रकार तयार करा, मोजमापाचं युनिट तासांचं ठेवा. मग पे हेड, म्हणजे पगारातला ओटीचा घटक, तयार करा आणि त्याचा कॅल्क्युलेशन टाइप 'ऑन प्रॉडक्शन' निवडा. ताशी दर प्रत्येकाच्या सॅलरी डिटेल्समध्ये भरा. महिनाअखेरीस अटेंडन्स व्हाउचरमध्ये तास टाकले की रक्कम पगारात येते. एवढं अर्ध्या तासाचं काम आहे.

खरी कटकट दर आणि तासांची. समजा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून महिन्याला 15,600 रुपये आहेत. कामाच्या 26 दिवसांनी भागले की रोज 600, आठ तासांनी भागले की ताशी 75. कायद्याने ओटी दुप्पट, म्हणजे 150. हा दर टॅलीत स्वतंत्र बसतो, त्यामुळे पगारवाढ देताना बेसिक बदललं तरी ओटी जुन्याच दराने निघत राहतो. नवीन तारखेपासून तोही बदला. कामगाराच्या हे लगेच लक्षात येतं, ऑफिसच्या नाही!

अडीच तास लिहिताना 2.30 टाकू नका, 2.5 टाका. 150 च्या दराने एका नोंदीत 30 रुपये कमी जातात, आणि तीस रुपयांवरून शॉप फ्लोअरवर जी बोंब होते ती आवरायला दिवस जातो. बहुतेक मशीन्सचा रिपोर्ट तास-मिनिटांत येतो, म्हणून एक्सेलमध्ये आधी मिनिटं 60 ने भागून घ्या.

मशीनवरचा जास्तीचा वेळ म्हणजे ओटी नव्हे. बस लवकर आली म्हणून माणूस वीस मिनिटं आधीच पंच करतो, नाही तर सुटल्यावर कूलरपुढे बसतो. सुपरवायझरची त्याच दिवशी सही झालेली ओटी स्लिप असेल तेवढेच तास धरा. पण काम करून घेतलं असेल तर स्लिप नाही म्हणून पैसे कापू नका. आज दोन तास जास्त, उद्या दोन तास कमी, असं महिन्याचं गोळाबेरीज खातंही मांडू नका. आठवड्याचे 48 तास भरले की पुढचं काम दुप्पट दराचं, मग पुढच्या आठवड्यात तो कमी आला तरी.

रात्रपाळीत बाहेर पडण्याचा पंच दुसऱ्या तारखेला जातो आणि मशीन दोन्ही दिवस अर्धवट दाखवते. मशीनच्या शिफ्ट सेटिंगमध्ये दिवस कधी बदलतो ते आधी पाहा.

पगार 7 तारखेच्या आत द्यायचा, म्हणून ओटीच्या तासांची यादी 2 तारखेलाच बोर्डावर लावा. तक्रारी पगाराआधी आल्या तर व्हाउचर दुरुस्त करणं सोपं जातं.