फ्रेट उपटण्याआधी

गिटारच्या पहिल्या तीन-चार फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या (मानेवरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खड्डे पडले म्हणून लगेच सगळे उपटायला घेऊ नकोस. धातू पुरेसा उरला असेल तर घासून एका पातळीत आणायचे, वरची गोलाई पुन्हा द्यायची. पुष्कळदा तेवढ्यानेच बझ, म्हणजे तार फ्रेटवर आपटून होणारी खरखर, थांबते.

बदलायचेच असतील, तर खरी कसोटी जुने काढताना लागते. सोल्डरिंग आयर्नचं टोक फ्रेटवर फिरवत तो तापू दे. मग तोंड सपाट घासलेली पक्कड एका कडेने फ्रेटखाली शिरव आणि हळूहळू मिटत पुढे सरक. ओढायचं अजिबात नाही, जबडा मिटतो तसा फ्रेट वर येतो. फिंगरबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी, रोझवुड-एबनीची असेल तर तिचे टवके चटकन उडतात. उडालाच एखादा, तर टाकू नकोस. पातळ सुपरग्लूने तिथेच बसव. मेपलच्या फिंगरबोर्डवर लॅकर असेल तर फ्रेटच्या दोन्ही बाजूंनी आधी ब्लेडने चीर दे, नाहीतर पापुद्रे निघतात.

फ्रेटची नवी वायर घेताना तिच्या टँगची, म्हणजे खाचेत बसणाऱ्या खालच्या भागाची, जाडी खाचेशी जुळव. टँग जाड असला तर प्रत्येक खाचेत पाचर ठोकल्यासारखं होऊन नेक मागे वाकते. वायरला फिंगरबोर्डपेक्षा किंचित जास्त बाक हवा, म्हणजे टोकं उचलत नाहीत. जुन्या फेंडर गिटारच्या फिंगरबोर्डच्या बाकाची त्रिज्या 7.25 इंच, गिब्सनची साधारण 12.

स्टेनलेस स्टील जास्त टिकतं, पण कानशी आणि हात दोन्ही दमवतं. पहिल्यांदा निकेल-सिल्व्हरच घे. आणि वायर आधीपेक्षा उंच असेल तर नटही (नेकच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) तपास, नाहीतर मोकळ्या तारा पहिल्या फ्रेटवर आपटतील.