मोहावीतली गुहा शोधायला निघण्याआधी

अनेक आशीर्वाद.

लास वेगासच्या उत्तरेला शीप रेंजमध्ये एकट्यानं जाऊन गुहा शोधायचा तुझा बेत कळला. जाऊ नकोस असं म्हणणार नाही. पण सह्याद्रीत लागलेल्या काही सवयी मोहावी वाळवंटात घात करतात, त्या आधी लिहितो.

पहिली पाण्याची. आपल्याकडे गडावर टाकं असतं, खाली वाडी असते, कुणीतरी गुराखी भेटतो. तिथला डोंगर चुनखडीचा, पडलेलं पाणी भेगांतून आत जिरतं. नकाशावर झरा दाखवला असला तरी तो कोरडा आहे असंच धरून चाल. नोव्हेंबरातल्या आठ-नऊ तासांच्या चालीला पाठीवर ६ लिटर आणि गाडीत आणखी १० लिटर ठेव. नळीची एकच मोठी पिशवी नको. काट्यानं भोक पडलं की सगळं पाणी जातं, आणि उरलंय किती तेही चालताना दिसत नाही. दोन-दोन लिटरच्या तीन बाटल्या घे. पहिली जाताना, दुसरी येताना, तिसरी राखीव. पहिली संपली की मागे फिरायचं, गुहा समोरच्या वळणामागेच आहे अशी खात्री वाटत असली तरीही. ही खात्री दर वळणावर वाटते.

तिथली हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर राहतच नाही. शर्ट कोरडा असतो, म्हणून आपल्याला घाम येत नाही असं वाटतं. कॉलर पाहा, मिठाची पांढरी रेघ उमटलेली दिसेल. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळतं, डोकं दुखतं, आणि पाणी कमी पडलं असं समजून माणूस आणखी पाणी पितो. एका बाटलीत ओआरएस घाल, खिशात खारे दाणे ठेव. जाण्याचे दिवस ऑक्टोबरअखेर ते मार्च. जुलैत वेगासचं दुपारचं तापमान सरासरी ४० अंशांवर असतं, तेव्हा हा विषयच काढू नकोस.

दुसरी सवय वाटेची. हा मुलूख १९३६ साली रानमेंढ्यांसाठी राखून ठेवला गेला. पायाखाली ज्या पुसट वाटा दिसतील त्या बहुतेक त्यांच्याच. मेंढी जिथून उडी मारून जाते तिथे आपण अडकतो. नाळेनं, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीनं, चढण्याचा मोह होईल, पण या नाळांमध्ये कोरडे धबधबे असतात. तीन मीटरचा टप्पा चढताना सोपा वाटतो, उतरताना पायाला खाच दिसत नाही. घाईत खाली उडी मारली आणि पुढचा टप्पा पंधरा मीटरचा निघाला, तर वर जाता येत नाही आणि खालीही उतरता येत नाही. म्हणून सोंडेनं, म्हणजे खाली उतरत आलेल्या डोंगरधारेनं, चढ आणि त्याच सोंडेनं उतर. चुनखडीची धार तळहात फाडते, कातडी हातमोजे हवेतच. घसाऱ्यात, म्हणजे सुट्या दगडांच्या उतारावर, मोठ्या दगडावर भार देण्याआधी त्याला लाथ मारून बघ.

होकायंत्राचा फरक तर हमखास विसरला जातो. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच, म्हणून इथे कुणी दुरुस्ती करत नाही. दक्षिण नेवाडात सुमारे ११ अंश पूर्वेचा फरक आहे. तो धरला नाही तर दर किलोमीटरला जवळपास १९० मीटर बाजूला सरकशील, म्हणजे भलत्याच नाळेत. अभयारण्याचा पश्चिम भाग हवाई दलाच्या सराव क्षेत्रात येतो आणि लोकांना बंद आहे. ती हद्द फोनवरच्या नकाशात आधीच आखून ठेव.

नोव्हेंबरात सूर्य साडेचारलाच मावळतो. साडेसहाला निघालास की अकरा ही परतीची वेळ. साडेतीनला गाडीपाशी, हाती तासभर शिल्लक. हा आकडा घरी बसून कागदावर लिही. डोंगरावर ठरवायला गेलास तर तो गुहेच्या बाजूनं झुकेल.

आता शोधाबद्दल. चालत चालत गुहा सापडत नाही, बसून सापडते. समोरच्या उतारावर बसून ८ बाय ४२ च्या दुर्बिणीनं एकेक थर डावीकडून उजवीकडे पाहा. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक कपार काळी दिसते आणि गुहाच वाटते. वर आलेल्या उन्हात तीच जागा परत पाहा, काळोख तसाच राहिला तर नोंद कर. थंडीच्या पहाटे आतली उबदार, दमट हवा बाहेर पडताना कधीकधी वाफेसारखी दिसते. तोंडाशी पातळ टिश्यूची पट्टी धर. वारा नसताना ती हलली तर आत मोठी पोकळी असण्याची शक्यता आहे, कारण हवेचा दाब बदलला की गुहा श्वास घेते. एका दिवशी एकच उतार. काही सापडलं नाही तरी नकाशावर 'पाहिला' असं लिही, नाहीतर तोच उतार तीनदा तुडवशील.

काळं तोंड दिसलं की आधी त्याच्या खाली पाहा. फोडलेल्या दगडांचा ढीग, भिंतीत सुरुंगाची गोल भोकं किंवा कुजलेलं लाकूड दिसलं, तर ती जुनी खाण आहे. नेवाडात अशा हजारो आहेत. आत प्राणवायू कमी असू शकतो, आणि अंधारात जमिनीतच सरळ खाली जाणारी विहीर असते. उंबरठाही ओलांडू नकोस. २०१४ च्या नोव्हेंबरात याच भागात गुहा शोधायला एकटा गेलेला माणूस परतला नाही. त्याचा फोन एका बंद खाणीच्या विवराजवळ मिळाला.

खरी गुहा निघाली तरी एकट्यानं उजेड पोचतो तिथपर्यंतच. फोटो काढ, ठिकाण नोंदव, बाहेर ये. हेल्मेट, प्रत्येकी तीन दिवे आणि सोबतीला तिघे असतील तेव्हा आत. अमेरिकेतल्या गुहाप्रेमींच्या राष्ट्रीय संस्थेच्या स्थानिक शाखांना 'ग्रोटो' म्हणतात, ती माणसं शिकवतात.

तोंडाशीच कपारीत डांबरासारखा चकाकणारा काळपट थर दिसेल. जवळून पाहिलंस तर त्यात काड्या, बिया, जुनिपरची पानं घट्ट बसलेली असतात. ते पॅकरॅट नावाच्या उंदराचं जुनं साठवण, त्याच्याच सुकलेल्या मुतानं सांधलेलं. असे काही थर चाळीस हजार वर्षांहून जुने आहेत, आणि इथे पूर्वी कोणती झाडं होती ते त्यांच्यावरून वाचता येतं. वेगासजवळच्या जिप्सम केव्हमध्ये १९३० च्या उत्खननात नामशेष झालेल्या जमिनीवरच्या स्लॉथ या प्राण्याची वाळलेली विष्ठा मिळाली, तीही अशीच कोरड्यात टिकलेली. तेव्हा काही फोडू नकोस, उचलू नकोस. उंदरांच्या लेंड्यांची धूळ उडवू नकोस, त्यातून हंटाव्हायरस श्वासात जातो. तिथे जेवायचं, झोपायचं नाही. आणि ठिकाण इंटरनेटवर टाकायचं नाही. महत्त्वाच्या गुहांची ठिकाणं गुप्त राहावीत म्हणून १९८८ पासून तिथे कायदा आहे.

उपग्रह संदेशयंत्र छातीच्या पट्ट्याला बांध. सॅकमध्ये ठेवलंस आणि पडताना सॅक घरंगळली, तर ते तुझ्या कामाचं राहणार नाही. खोल नाळेत आणि गुहेत ते चालत नाही, म्हणून निघताना, मागे फिरताना आणि गाडीपाशी असे तीन संदेश सोंडेवरून आणि मोकळ्यावरूनच पाठव. वेगासमधल्या मित्राकडे एक कागद ठेव. त्यावर गाडीचा नंबर, ती उभी करायची जागा, कोणती सोंड, आणि संध्याकाळी सहापर्यंत निरोप नाही आला तर ९११ या तिथल्या आपत्कालीन नंबरला फोन, एवढं लिही. बूट घालून जाड अॅल्युमिनियम फॉइलवर एकदा पाय दाब आणि तो ठसाही त्याच्याकडे दे. शोधणाऱ्यांना शंभर पावलांतून तुझं पाऊल ओळखता येतं.

कागदाची एक प्रत मला पाठव. सोंड कोणती निवडलीस ते नकाशा समोर ठेवून डोळ्यांखालून घालतो.