हेवीवेटला वजनाची घाई नको
(वाचकांचे प्रश्न : कुस्ती)

प्रश्न : भाचा १९ वर्षांचा, वजन १०४ किलो. फ्रीस्टाइलच्या १२५ किलो गटात खेळतो. समोरचे १२० च्या पुढचे असतात. वर्षभरात त्याचंही वजन तेवढं करावं का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : नको. वर्षात १६ किलो चढवले तर त्यात चरबीच जास्त भरेल, आणि ती ओढायची त्याच गुडघ्यांनी. महिन्याला एक किलो पुरे. दर महिन्याला कंबर मोजा. वजनाबरोबर कंबरही सुटत असेल तर खुराक आवरा.

प्रथिनं दिवसाला १७० ते २०० ग्रॅम लागतील. लिटरभर दुधातून ३२ ग्रॅम, सहा अंड्यांतून ३६, तीनशे ग्रॅम बांगड्याच्या मांसातून साठेक ग्रॅम. उरलेली डाळ, चणे, कोंबडीतून. उकड्या तांदळाचा भात आहेच, तो तोडायची गरज नाही.

खरी अडचण पटात, म्हणजे समोरच्याचा पाय धरून पाडण्याच्या डावात, येते. हलका मल्ल एकेरी पटाला मान खाली घालून शिरतो, समोरचा मल्ल आपले पाय मागे फेकून छाती त्याच्या पाठीवर टाकतो, आणि १२० किलो मानेवर येतात. डोकं वर, कपाळ त्याच्या बरगडीला चिकटलेलं हवं. पाय हाती आला की क्षणभरही समोर थांबायचं नाही. लगेच बाजूला फिरायचं. पट निसटतोय असं वाटलं तर त्याला रेटत कडेबाहेर न्या, एक गुण मिळतो.

दमासाठी : गादीच्या कडेवर जोडीदाराशी ३० सेकंद जोरात रेटारेटी, ३० सेकंद उसंत, असे सहा फेरे. कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांची असते. अवजड मल्ल दुसऱ्या डावात हात गुडघ्यावर टेकायला लागतो, तिथेच तुमच्या भाच्याची संधी आहे.

प्रश्न : हेवीवेट गटात कोणाची कारकीर्द अभ्यासावी? – एक प्रशिक्षक, फोंडा

उत्तर : जॉर्जियाच्या गेनो पेट्रियाश्विलीची. २०१६ ला ऑलिंपिक कांस्य, २०१७ ते २०१९ सलग तीन जागतिक सुवर्णं. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत तो ८-५ असा पुढे असताना शेवटच्या काही सेकंदांत अमेरिकेच्या गेबल स्टीव्हसनने दोनदा ताबा मिळवला, कुस्ती १०-८ ने गेली. ते शेवटचे क्षण मुलांना पुन्हापुन्हा दाखवा : आघाडीवरचा मल्ल मागे सरकू लागला की काय होतं ते दिसतं. तीन वर्षांनी, पॅरिसमध्ये, पेट्रियाश्विलीने सुवर्ण घेतलंच. अमेरिकेचा ब्रूस बाउमगार्टनरही पाहा : १९८४ ते १९९६ अशी चार ऑलिंपिक, चारही वेळा पदक, त्यांत दोन सुवर्णं. उलट उझबेकिस्तानच्या आर्तुर तायमाझोवची २००८ आणि २०१२ ची सुवर्णं उत्तेजक चाचणीचे जुने नमुने पुन्हा तपासल्यावर काढून घेतली गेली. लेबल नसलेली पावडर मुलांच्या हाती पडू देऊ नका.

प्रश्न : पावसाळ्यात मुलांना गजकर्ण होतं, पुन्हापुन्हा उलटतं. – एक पालक, पेडणे

उत्तर : आपल्या दमट हवेत गादी वाळतच नाही. सरावानंतर जंतुनाशकाने पुसा, पंखे लावून पूर्ण कोरडी होऊ द्या, ओली असताना गुंडाळू नका. कपडे, टॉवेल रोज धुवा. मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणू नका, खाज थांबते आणि बुरशी आत पसरते. त्वचारोगतज्ज्ञाचं औषध सुरू होऊन किमान तीन दिवस होईपर्यंत मुलाला गादीवर घेऊ नका, आणि चट्टा गेला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा.