सहीची पारख, जुन्या अंकांची डागडुजी

प्रश्न : साने गुरुजींचं 1937 सालचं सहीचं पत्र विकायला आलं आहे. खरं कसं ओळखावं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : सहीकडे शेवटी वळा. सही सरावाने गिरवता येते. नकली पत्र उघडं पडतं ते मजकुरात. पत्त्यात जिल्हा 'पूर्व खानदेश' हवा, 'जळगाव जिल्हा' हे नाव 1960 नंतरचं. 'कांहीं', 'नाहीं', 'घरीं' असे अनुस्वार तेव्हा सर्रास देत. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी ते गेले. पत्रभर असा एकही अनुस्वार नसेल तर व्यवहार थांबवा.

मग दहापट भिंग घ्या. दौतीच्या शाईची रेघ कागदाच्या तंतूंत किंचित पसरते, वळणावर जाड-बारीक होते. एकसारखी, कागदात रुतलेली रेघ बॉलपेनची. ते 1937 साली बाजारात नव्हतंच. बारीक ठिपके दिसले तर सही छापील. अंधारात अतिनील टॉर्चखाली कागद निळसर-पांढरा चमकला तर तो साधारण 1950 नंतरचा. न चमकणं मात्र पुरावा नव्हे. जुन्या वहीचं कोरं पान फाडून त्यावर लिहिणारे आहेत. पाकीट असल्यास शिक्क्याची तारीख जुळवा, आणि पत्र कोणाच्या घरातून आलं ते विकणाऱ्याकडून लेखी घ्या.

प्रश्न : गुरुजींच्या 'काँग्रेस' साप्ताहिकाचे 1938 चे अंक हातात तुटतात. चिकटपट्टी लावू की लॅमिनेशन करू?
– एक वाचक, धुळे

उत्तर : कृपा करून दोन्ही टाळा. पट्टीचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि गरम लॅमिनेशन पुन्हा सोडवता येत नाही. आधी एका अक्षरावर ओलसर कापूस टेकवा. शाई सुटली तर घरी दुरुस्ती नको. नाही सुटली तर फाटेवर जपानी टिश्यू (लांब तंतूंचा पातळ पण चिवट कागद) गव्हाच्या स्टार्चच्या पातळ खळीने चिकटवा. कणीक नको, तिला कीड लागते. टिश्यू कात्रीने कापू नका, हाताने फाडा. सरळ कडेपाशी ठिसूळ कागद पुन्हा मोडतो. वर टीपकागद आणि वजन, रात्रभर. अंक आम्लरहित फोल्डरमध्ये आडवे ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो, तिथे काहीच ठेवू नका.

प्रश्न : विकत घेतलेलं पत्र छापता येईल?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : वारसांच्या लेखी परवानगीशिवाय नाही. कागद तुमचा, मजकूर त्यांचा. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क मृत्यूनंतर 60 वर्षांनी संपतो. अप्रकाशित पत्राची 60 वर्षं पहिल्या प्रकाशनापासून मोजतात.