काचेच्या अलीकडे : मुलांना घेऊन मत्स्यालयात

मोठ्या मत्स्यालयाच्या सहलीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा, मुलगी आठ वर्षांची. मत्स्यालय खूप मोठं आहे. सगळं बघून व्हायला किती वेळ धरावा? आणि दिवसाच्या कोणत्या वेळी जावं?

सगळं बघायचा बेत आधी सोडून द्या. चार वर्षांचं मूल साधारण दीड तास उत्साहात असतं, आठ वर्षांचं अडीच तास. दोघं बरोबर असतील तर धाकट्याचं घड्याळ धरायचं. घरूनच नकाशा बघून तीन ठिकाणं पक्की करा: सगळ्यात मोठी टाकी, हात लावून बघायचं कुंड, आणि मुलांनी स्वतः निवडलेली एक जागा. एवढं झाल्यावर जे दिसेल ते वरकमाई.

दार उघडल्यानंतरचा पहिला तास किंवा बंद व्हायच्या आधीचे दोन तास बरे. शाळांच्या सहली बहुधा सकाळी उशिरा येतात आणि जेवणाच्या सुमारास परततात. आत गेल्यावर गर्दी पहिल्या दोन-तीन टाक्यांपाशी तुंबते, कारण तिथे प्रत्येकजण ताजातवाना असतो आणि प्रत्येक पाटी वाचत उभा राहतो. तिथे न थांबता थेट मोठ्या टाकीकडे जा, मग उलट येत या. काही ठिकाणी मार्ग एकाच दिशेचा असतो. तिकीट दाखवतानाच ते विचारून घ्या. एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत सोडतात का, हेही तेव्हाच विचारा, कारण खाणं बहुतेक ठिकाणी आत चालत नाही आणि भुकेलं मूल शार्ककडेही बघत नाही.

माशांना खाऊ घालण्याच्या वेळा फलकावर लिहिलेल्या असतात. त्यातली एकच निवडा आणि वीस मिनिटं आधी जाऊन काचेच्या कडेला जागा धरा. मधोमध उभं राहिलं तर मागून रेटा येतो. बाकीच्या खाऊच्या वेळी सगळी गर्दी तिकडे पळते. उरलेली इमारत तेवढा वेळ मोकळी असते, तेव्हा तुम्ही जेलीफिश बघा.

प्रश्न : बाबागाडी न्यावी का? अंधारात मूल हरवायची भीती वाटते.

गाडीत बसलेल्या मुलाला पुढच्या माणसांचे पायच दिसतात. बाळ उचलून घेण्याएवढं असेल तर झोळी किंवा पुढे बांधायचा पट्टा सोयीचा. चालणाऱ्या मुलासाठी गाडी नेलीच, तर ती दमल्यावर वापरायला.

हरवण्याची भीती रास्त आहे, आणि त्यात कपड्यांचा रंग महत्त्वाचा. बऱ्याच दालनांत फक्त निळा उजेड असतो. लाल रंग निळ्या उजेडात जवळजवळ काळा दिसतो, त्यामुळे ‘लाल टी-शर्ट, लांबूनही दिसेल’ हा हिशोब इथे चुकतो. पांढरा किंवा फिकट पिवळा घाला. आत शिरण्याआधी मुलाचा पायापासून डोक्यापर्यंत फोटो काढून ठेवा. मनगटावर फोन नंबर लिहा, आतल्या बाजूला. ‘चुकलास तर तिथेच थांब आणि गणवेशातल्या माणसाला सांग’ हे दारातच एकदा म्हणून घ्या. थंडगार हवेसाठी पातळ स्वेटर लागतो. चालताना लुकलुकणारे बूट मात्र घरी ठेवा. अंधाऱ्या टाक्यांपुढे त्यांचा त्रास माशांना आणि बघणाऱ्यांनाही होतो.

प्रश्न : माझी नातवंडं प्रत्येक काचेपुढे दहा सेकंद थांबतात आणि ‘पुढे काय?’ म्हणून पळतात. ऑक्टोपसची टाकी तर ‘रिकामीच आहे’ म्हणाली. त्यांना थांबवायचं कसं?

आजी, टाकी बहुधा रिकामी नव्हती. ऑक्टोपस दगडाचा रंगच काय, खडबडीतपणाही अंगावर आणतो. शोधायची रीत अशी: आधी सगळ्यात अंधारा कोपरा, मग बिळाचं छत, मग काचेची वरची कड. तिथे पुष्कळदा नुसत्या चूषकांच्या (हातांवरच्या चिकटणाऱ्या वाट्यांच्या) ओळी चिकटलेल्या दिसतात. तेही नाही, तर हलणारी गोष्ट शोधा. श्वासासाठी तो अंगात पाणी ओढतो आणि एका नळीतून बाहेर टाकतो, त्यामुळे ‘दगड’ फुगतो आणि बसतो. डोळा सापडला तर बाहुली आडव्या फटीसारखी दिसेल. तो उलटासुलटा झाला तरी ती आडवीच राहते. याला तीन मिनिटं लागतात. घड्याळ लावून बघा, मुलांना तो खेळच वाटतो. तीन हृदयं आणि निळं रक्त ही माहिती तो सापडल्यावर सांगा, आधी नाही.

गार्डन ईल म्हणजे वाळूत बिळं करून राहणारे सापासारखे मासे. त्यांच्या टाकीत याच्या उलट करायचं. कुणी धावत आलं की ते वाळूत गडप होतात. मुलांना एक मिनिट पुतळा करा. एकेक करून माना वर येतात. वाळूत लपलेला चपटा मासा शोधायचा तर दोन डोळे शोधा. दोन्ही एकाच बाजूला असतात.

पाट्या वाचून दाखवू नका. माशाच्या अंगावरच बरंच काही लिहिलेलं असतं, ते वाचायला शिकवा. तोंड वर वळलेलं असेल तर तो पाण्याच्या पृष्ठावरचं टिपतो, खाली वळलेलं असेल तर तळाचं. शेपटी खोल चिरलेली किंवा चंद्रकोरीसारखी असेल तर तो लांब पल्ल्याचा पोहणारा. गोल, पंख्यासारखी असेल तर दबा धरून एकदम झेप घेणारा. पाठ गडद आणि पोट फिकट असलेला मासा वरून बघणाऱ्याला खोल पाण्यात मिसळलेला दिसतो आणि खालून बघणाऱ्याला उजेडात. शेपटीजवळ काळा ठिपका असेल तर तो बहुधा खोटा डोळा. हल्लेखोराने डोकं समजून तिकडे झडप घालावी, एवढीच त्याची अपेक्षा.

प्रवाळाच्या मोठ्या टाकीपुढे बसायला जागा असेल तर दहा मिनिटं बसाच. एखादा मोठा मासा तोंड उघडून स्तब्ध उभा दिसला, की त्याच्या कल्ल्यांपाशी बघा. तिथे बोटाएवढा सफाईमासा किंवा सफाई करणारी कोळंबी परजीवी वेचत असते. कधीकधी मागे दुसरा मासा नंबर लावून उभा असतो. दहा सेकंदांत हे दिसणं शक्य नाही.

प्रश्न : फोटो निळे आणि धूसर येतात, काचेत आमचीच तोंडं दिसतात. काचेवर टिचकी मारली तर मासा वळेल का?

टिचकी नको. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. माशाला तो आतल्या कानाने कळतोच, शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेषेने, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेघेने, पाण्याची हालचालही जाणवते. मासा वळला तरी तो दचकून वळलेला असतो. फ्लॅशही नको: बहुतेक माशांना पापण्या नसतात, आणि तो उजेड काचेवरून उलटून तुमच्याच फोटोत येतो.

फोनची कड काचेला अलगद टेकवा आणि वरून तळहाताचा आडोसा धरा. प्रतिबिंब तिथेच संपतं. फोन काचेला समांतर हवा. मोठ्या टाक्यांची ‘काच’ म्हणजे अ‍ॅक्रिलिक हे पारदर्शक प्लास्टिक असतं; ते जाड असलं आणि त्यातून तिरका फोटो घेतला की कडांना रंगांच्या झालरी येतात. शटरचा वेग हाताने ठरवता येत असेल तर सेकंदाचा 1/125 भाग ठेवा, पोहणाऱ्या माशाला त्याहून संथ वेग पुरत नाही. दोन-चार फोटो झाले की फोन खिशात. जेलीफिशचे गुलाबी-निळे रंग बहुतेकदा टाकीतल्या दिव्यांचे असतात, हे मुलांना दाखवा. दिव्याचा रंग बदलताना ते आपोआप कळतं. टाकी गोल का, तेही विचारू द्या. गोल फिरणाऱ्या प्रवाहामुळे जेलीफिश कोपऱ्यात अडकून फाटत नाहीत.

प्रश्न : टाकीतून जाणाऱ्या पारदर्शक बोगद्यात शिरताच मुलगी रडली. काच फुटेल म्हणते. काय सांगू?

‘काही होत नाही’ म्हणू नका, आकडे सांगा. ती काच नसून अ‍ॅक्रिलिक असतं, वजनाने काचेच्या निम्मं आणि टिचण्याऐवजी किंचित वाकणारं. जपानमधल्या ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयातली मोठी खिडकी 22.5 मीटर रुंद, 8.2 मीटर उंच आणि 60 सेंटीमीटर जाड आहे. दोन फूटपट्ट्या टोकाला टोक लावून दाखवा, एवढी ती जाडी. मागे किती पाणी आहे यावर दाब ठरत नाही, ते किती खोल आहे यावर ठरतो. टाकी मागे मैलभर पसरली असती तरी खिडकीवरचा दाब तेवढाच राहिला असता. थंड पाण्याच्या टाकीवर बाहेरून थेंब दिसले तर ती गळती नाही, हवेतलं दव आहे. हे आधीच सांगा, कारण घाबरलेल्या मुलाला ते थेंब हमखास दिसतात.

सपाट खिडकीतून मासा खऱ्या अंतराच्या पाऊण अंतरावर भासतो, म्हणजे चार मीटरवरचा शार्क तीन मीटरवर, आणि त्यामुळे मोठाही. बोगद्याच्या वक्र भिंतीतून उलट तो लहान दिसतो. एकच मासा दोन्हीकडून बघायला लावा. भीती मागे पडून शोध सुरू होतो. तरीही रडली तर परत फिरा. बोगदा सक्तीचा नाही.

प्रश्न : शार्क बाकीच्या माशांना खात नाही का? आणि मासे शी-शू कुठे करतात? (दुसरा प्रश्न सहा वर्षांच्या मुलाचा आहे.)

दोन्ही प्रश्न उत्तम. शार्कला ठरलेल्या दिवशी काठीच्या टोकावरून पोटभर खायला देतात, आणि एका टाकीत ठेवताना आकारांचा मेळ बघतात. तरी क्वचित एखादा मासा गायब होतो. कर्मचाऱ्याला विचारलंत तर तो बहुधा खरं सांगेल. काही शार्क सतत पोहतात, कारण पाणी कल्ल्यांवरून जायला त्यांना पुढे सरकावं लागतं. तळाशी निवांत पडलेला नर्स शार्क तोंडाने पाणी ओढतो. तो मेलेला नाही. वाळूत पडलेले दात शोधा. शार्कचे दात आयुष्यभर गळतात आणि नवे येतात.

शी-शू तिथेच करतात. समुद्रातले मासे पाणी पितात आणि शू थोडी करतात. गोड्या पाण्यातले पीत नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि शू मात्र भरपूर करतात. त्यातला आणि कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया विषारी असतो. गाळणीत राहणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. वाळूच्या गाळण्या आणि फेसात घाण ओढून घेणारे उंच नळकांडे पडद्यामागे चोवीस तास चालू असतात. पोपटमासा प्रवाळ कुरतडून वाळूची शी करतो. हे ऐकल्यावर सहा वर्षांचा मुलगा त्या टाकीपासून हलत नाही.

प्रश्न : हात लावायच्या कुंडात काय काळजी घ्यावी?

बाह्या कोपरापर्यंत वर. आधी हात नुसत्या पाण्याने धुवा. साबण, क्रीम, सनस्क्रीनचा अंश कुंडात गेला तर प्राण्यांना बाधतो. बोटाला ताजी जखम असेल तर त्या हाताला सुट्टी, कारण समुद्राच्या पाण्यातले काही जीवाणू जखमेतून शिरतात. दोन बोटं सपाट धरून हलके फिरवा. पाकटाला पाठीवर, डोक्याकडून मागे, शेपटीला नाही. अशा कुंडांत त्याचा काटा नखासारखा कापलेला असतो, पण तो पुन्हा वाढतो. तारामासा पाण्याबाहेर उचलू नका, तो कातडीवरच्या नाजूक फुग्यांतून आणि नलिकापायांतून श्वास घेतो. समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी) चिकट लागतं, ते त्याच्या दंशपेशींमुळे. बोटाच्या जाड कातडीला काही होत नाही, पण तेच बोट डोळ्याला लावू नये. शेवटी साबणाने वीस सेकंद, आणि त्यानंतरच खाऊ.

प्रश्न : मुलगा विचारतो, हे सगळे कैदेत आहेत का?

हो म्हणा. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बरेचसे पैदास केलेले असतात, समुद्रातले बरेचसे अजूनही समुद्रातून आणलेले. मग त्यालाच तपासू द्या: पर फाटलेले आहेत का, डोळे धुरकट आहेत का, पृष्ठावर धापा टाकतोय का, काचेवर नाक घासत एकाच ठिकाणी वर-खाली करतोय का, लपायला जागा आहे का. खटकलं तर तिथल्या माणसाला विचारा. त्या प्राण्याची सविस्तर माहिती असलेला कर्मचारी हे त्या जागेचं चांगलं लक्षण.

प्रश्न : परत आल्यापासून गोल भांड्यात गोल्डफिश हवा म्हणून हट्ट चालू आहे.

भांडं नको. त्यात गाळणी बसत नाही, हवेला उघडा पृष्ठभाग कमी, आणि अमोनिया झपाट्याने साठतो. गोल्डफिश वीतभर वाढतो आणि दहा वर्षांहून जास्त जगू शकतो, त्याला मोठी टाकी लागते. सुरुवात 60 लिटरच्या टाकीने आणि लहान गोड्या पाण्याच्या माशांनी करा. भरल्यावर ती 75 किलोच्या आसपास जाते, तेव्हा टेबल भक्कम हवं. गाळणी लावा, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रव टाका, उष्ण प्रदेशातल्या माशांसाठी 24 ते 26 अंश ठेवा, आणि मासे न आणता रोज चिमूटभर खाद्य घालत राहा. ते कुजून अमोनिया होतो आणि जीवाणूंना अन्न मिळतं. चार ते सहा आठवडे लागतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की चार मासे आणा, उरलेले पंधरा दिवसांनी. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्याला पाव पाणी बदला, आणि गाळणीचा स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला तर महिनाभराचे जीवाणू मरतात आणि मोजणी पहिल्यापासून सुरू करावी लागते.