‘हे खरे नाही’ या उत्तरापुढे काय? विधिमंडळातील प्रश्नांविषयी वाचकांच्या शंका

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरण यंत्र आहे, पण ते चालवणारा तंत्रज्ञ नाही. आमदारांनी अधिवेशनात प्रश्न दिला. उत्तर आले, ‘हे खरे नाही’, आणि पुढच्या सर्व भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. मंत्री सभागृहाला चुकीची माहिती देऊ शकतात का?
– एक वाचक, खानदेश

आपल्या पत्राबरोबर मूळ प्रश्नाची प्रत आहे, म्हणून उत्तर नेमके देता येते. प्रश्नाचा पहिला भाग असा आहे : ‘उक्त रुग्णालयातील क्ष-किरण यंत्र बंद असल्याने रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय?’ आता यंत्र बंद नाही. ते सुस्थितीत आहे, फक्त ते चालवायला माणूस नाही. त्यामुळे विभागाने दिलेले ‘हे खरे नाही’ हे उत्तर अक्षरशः पाहिले तर चूक ठरत नाही. प्रश्नाचे पुढचे भाग ‘असल्यास’ या शब्दाने सुरू होत असल्यामुळे पहिला भाग नाकारला गेला की ते सगळेच कोसळतात. रुग्णाला मात्र तपासणीसाठी खासगी केंद्रात पैसे मोजावेच लागतात, आणि त्याची ही अडचण कागदावर कुठेही उमटत नाही.

महाराष्ट्र विधिमंडळातील प्रश्नांचा साचा ठरलेला आहे. हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली काय, चौकशीत काय आढळले, तदनुसार कोणती कारवाई केली, नसल्यास विलंबाची कारणे काय, या क्रमाने प्रश्न लिहिला जातो. हा साचा सोयीचा असला तरी त्यात पहिलेच विधान मान्य किंवा अमान्य करण्याची मोकळीक विभागाला मिळते. माझे स्पष्ट मत असे आहे की, सार्वजनिक सेवेविषयीच्या प्रश्नात आरोप करण्यापेक्षा आकडे मागावेत. आपल्या आमदारांनी पुढील अधिवेशनात प्रश्न असा द्यावा : ‘या रुग्णालयात संवर्गनिहाय मंजूर, भरलेली व रिक्त पदे किती आहेत, क्ष-किरण तंत्रज्ञाचे पद कोणत्या दिनांकापासून रिक्त आहे, मागील तीन आर्थिक वर्षांत महिनानिहाय किती रुग्णांची क्ष-किरण तपासणी येथे झाली, आणि याच काळात या यंत्राच्या देखभालीपोटी किती रक्कम अदा करण्यात आली?’ यातल्या एकाही भागाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर देता येणार नाही. तपासणीच्या रकान्यात सलग शून्य आणि शेजारच्या रकान्यात देखभालीचा खर्च असेल, तर वेगळा आरोप करण्याची गरजच राहत नाही.

प्रश्न योग्य विभागाकडे जातो की नाही, हेही पाहावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असते, ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असते. औषधांच्या आणि उपकरणांच्या खरेदीसाठी २०२३ च्या अधिनियमानुसार स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहे. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले आणि त्यांत १२ नवजात बालके होती, तेव्हा औषधे, खाटा आणि मनुष्यबळ यांची चर्चा राज्यभर झाली. अशा प्रसंगी एका विभागाने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये यासाठी पदांचा प्रश्न एका मंत्र्यांना आणि खरेदीचा प्रश्न दुसऱ्या मंत्र्यांना, असा स्वतंत्रपणे विचारणे हिताचे असते.

राहिला खोट्या उत्तराचा मुद्दा. उत्तरातील माहिती वस्तुस्थितीशी जुळत नसेल, तर सदस्य ती बाब कागदपत्रांसह अध्यक्षांच्या निदर्शनास आणून देऊ शकतात आणि मंत्र्यांना निवेदन करून दुरुस्ती करता येते. हक्कभंगाचा मार्ग मात्र सभागृहाची हेतुपुरस्सर दिशाभूल झाल्याचे दाखवता आले तरच टिकतो, आणि ते सिद्ध करणे अवघड असते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावचा रस्ता ‘बजेटमध्ये आला’ म्हणून फलक लागले, सत्कार झाले. रस्ता अजून झालेला नाही. मंजूर झालेले पैसे गेले कुठे?
– एक शिक्षिका, मराठवाडा

बहुधा ते पैसे कुठेही गेलेले नाहीत, कारण ते आलेलेच नव्हते. अर्थसंकल्पात कामाचे नाव येणे ही पहिली पायरी असते. सार्वजनिक बांधकामाच्या कामांत अनेकदा अंदाजित खर्चाच्या मानाने अगदी नाममात्र तरतूद दाखवलेली असते. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश असे टप्पे पार पडावे लागतात, आणि या सगळ्यांच्या जोडीला वित्त विभागाने निधी वितरित करावा लागतो. तरतूद, वितरण आणि खर्च हे तीन वेगळे आकडे आहेत. मंत्री बहुतेक वेळा पहिला आकडा सांगतात, कारण तोच सर्वांत मोठा असतो. लोकप्रतिनिधींनी नेहमी तिसरा मागावा. राज्य शासनाच्या ‘बीम्स’ या संगणक प्रणालीत तरतुदीची, वितरणाची आणि खर्चाची नोंद लेखाशीर्षनिहाय, म्हणजे खर्चाच्या प्रत्येक बाबीनुसार, होत असते, त्यामुळे ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ हे उत्तर खर्चाच्या प्रश्नाला सहसा पटण्यासारखे नसते.

वर्षअखेरीचा विषयही येथेच येतो. ३१ मार्चपर्यंत जो निधी खर्च होत नाही, तो समर्पित करावा लागतो, म्हणजे परत करावा लागतो, किंवा व्यपगत होतो, म्हणजे त्याची मंजुरी संपते. म्हणून मार्च महिन्यात देयकांची झुंबड उडते. ‘एकूण खर्चापैकी किती खर्च केवळ मार्चमध्ये झाला’, एवढा एकच प्रश्न एखाद्या विभागाच्या कारभाराबद्दल पुष्कळ काही सांगून जातो. तो फार थोडे सदस्य विचारतात, याची मला खंत वाटते.

संविधानाच्या अनुच्छेद २०३ नुसार अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे विभागांनी खर्चासाठी मागितलेल्या रकमांवर, मतदान करण्याचा अधिकार केवळ विधानसभेला आहे. सदस्य कपात सूचना देऊ शकतात. धोरणाला विरोध असेल तर मागणी एक रुपयावर आणावी अशी, आणि विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर मागणीत शंभर रुपयांची कपात करावी अशी सूचना देण्याची संसदीय रीत आहे. सत्ताधाऱ्यांकडे बहुमत असल्यामुळे या सूचना संमत होत नाहीत, पण त्यांच्या निमित्ताने चर्चा मात्र करता येते. ज्या विभागांना चर्चेचा वेळ मिळत नाही, त्यांच्या मागण्या शेवटच्या दिवशी एकत्र मताला टाकून चर्चेविना संमत होतात. कोट्यवधी रुपयांच्या खर्चाला अशा रीतीने मान्यता मिळणे मला गंभीर वाटते, आणि वर्तमानपत्रांनी याची दखल सभागृहातील गोंधळाइतकीच ठळकपणे घ्यायला हवी.

पुरवणी मागण्यांकडेही लक्ष द्यावे. अनुच्छेद २०५ मधील ही सोय अर्थसंकल्पातील मूळ रक्कम अपुरी पडली किंवा नव्या सेवेसाठी खर्चाची गरज निर्माण झाली तर वापरण्यासाठी आहे. महाराष्ट्रात मात्र २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात, म्हणजे आर्थिक वर्षाची पहिली तिमाही नुकतीच सरलेली असताना, सुमारे ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. त्याच अधिवेशनात अर्थसंकल्प मांडलेला असताना एवढी रक्कम वाढवून मागावी लागते, तेव्हा मूळ अंदाज कशाच्या आधारावर केला होता, हा प्रश्न प्रत्येक सदस्याने विचारायला हवा, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

आमचे आमदार सत्ताधारी पक्षाचे आहेत. ते आपल्याच सरकारला अडचणीचे प्रश्न विचारतील का?
– एक वाचक, कोकण

विचारू शकतात, आणि पुष्कळदा विचारतातही. मंत्री नसलेला प्रत्येक सदस्य हा प्रश्न विचारण्याच्या बाबतीत समान आहे. २०२४ च्या निवडणुकीनंतर विधानसभेच्या २८८ जागांपैकी एक दशांश जागाही एकाही विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत, त्यामुळे सत्ताधारी बाकांवरून येणाऱ्या प्रश्नांचे महत्त्व उलट वाढलेले आहे. आपले आमदार स्वतः मंत्री असतील तर ते प्रश्न विचारत नाहीत. अशा वेळी विधान परिषदेतील सदस्यांकडे जावे. परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी २२ स्थानिक प्राधिकारी संस्थांचे, ७ पदवीधरांचे आणि ७ शिक्षकांचे प्रतिनिधी असतात, त्यांतील कोणी ना कोणी आपल्या भागाचे असतेच.

प्रश्न विचारून खरोखर काही बदलले, असे एखादे उदाहरण आहे का?
– राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी, पुणे

आहे, आणि त्याचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. १९५७ मध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे समभाग घेतले होते. त्याविषयी लोकसभेत आधी प्रश्न आला, मंत्र्यांकडून मोघम उत्तर आले, आणि त्या उत्तराने समाधान न झाल्यामुळे फिरोज गांधी यांनी डिसेंबरमध्ये हा विषय तपशिलासह पुन्हा उभा केला. ते स्वतः सत्ताधारी काँग्रेसचे खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावई होते, हे कोकणातील वाचकांनीही लक्षात घ्यावे. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. विमाधारकांचा पैसा म्हणजे सार्वजनिक पैसा, हे तत्त्व त्या प्रकरणात प्रस्थापित झाले.

आपण राज्यशास्त्र शिकत आहात म्हणून आणखी मागे जातो. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातील सभासदांना प्रश्न विचारण्याची मर्यादित मुभा मिळाली. उपप्रश्न विचारता येत नव्हता. तो अधिकार १९०९ मध्ये फक्त मूळ प्रश्नकर्त्याला आणि १९१९ च्या कायद्यानंतर सर्व सभासदांना मिळाला. अर्थसंकल्पावर मतदान करण्याचा अधिकारही नसताना नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात, देशात दुष्काळ आणि दारिद्र्य असताना सरकारी तिजोरीत शिल्लक पडते ती कशी, हे सरकारचेच आकडे पुढे ठेवून विचारले आणि मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली. पुढच्याच वर्षी तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. ते श्रेय एकट्या भाषणाचे नसेल, पण सरकारी आकड्यांनीच सरकारला उत्तर देण्याची ही पद्धत आजच्या सदस्यांनी अभ्यासावी अशी आहे.

या अधिकाराचा बाजारही झालेला आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये लोकसभेच्या १० आणि राज्यसभेच्या एका सदस्याचे सदस्यत्व संपुष्टात आणण्यात आले. त्यामुळे आपल्या आमदारांना प्रश्न सुचवताना त्यात एखाद्या ठेकेदाराचा किंवा त्याच्या स्पर्धकाचा हितसंबंध गुंतलेला नाही, याची खात्री आपणही करून घ्यावी.

आमच्या पाणीपुरवठा योजनेबाबत मंत्र्यांनी सभागृहात ‘तीन महिन्यांत काम पूर्ण करू’ असे सांगितले. वर्ष उलटले. आता कोणाकडे जावे?
– एक सरपंच, विदर्भ

मंत्र्यांनी सभागृहात दिलेला असा शब्द आश्वासन मानला जातो आणि त्याचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. ‘करू’, ‘तपासून कार्यवाही केली जाईल’, ‘एका महिन्यात बैठक घेऊ’ अशा शब्दप्रयोगांची नोंद कार्यवाहीतून घेतली जाते आणि संबंधित विभागाकडून पूर्ततेचा अहवाल मागवला जातो. समिती विभागाच्या सचिवांना साक्षीसाठी बोलावू शकते. समितीपुढील साक्षीत लेखी उत्तराआड राहता येत नाही, म्हणून अधिकारी प्रश्नोत्तराच्या तासापेक्षा समितीच्या बैठकीची तयारी अधिक काळजीने करतात.

आपण प्रथम त्या दिवसाची छापील कार्यवाही मिळवावी. प्रश्नाचा किंवा लक्षवेधी सूचनेचा क्रमांक, दिनांक आणि मंत्र्यांचे नेमके शब्द उतरवून घ्यावेत. त्यासोबत ग्रामसभेचा ठराव, योजनेच्या कार्यारंभ आदेशाची प्रत आणि आजपर्यंत ठेकेदाराला अदा झालेल्या रकमेची माहिती अधिकारात मिळवलेली नोंद जोडावी. ही कागदपत्रे आपल्या आमदारांमार्फत समितीकडे द्यावीत आणि त्याच वेळी आमदारांना नवा प्रश्न देण्यास सांगावे : ‘अमुक दिनांकास दिलेल्या आश्वासनाची पूर्तता झाली आहे काय, नसल्यास कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या कारणाने ती थांबली आहे, आणि काम अपूर्ण असताना किती टक्के देयक अदा करण्यात आले आहे?’ हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरते, तेव्हा त्याआधी पुरेसे दिवस हाताशी ठेवून हे कागद तयार करावेत, कारण प्रश्नांची सूचना देण्याची मुदत अधिवेशन सुरू होण्याच्या बरीच आधी संपलेली असते.