‘नवरी छे?’ आणि आणखी चार प्रश्न

बडोद्यात बायकांच्या गटांबरोबर समुपदेशनाचं काम करते, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. या वेळचे पाचही घर किंवा गाव सोडून आलेल्या बायकांचे, नाहीतर त्यांच्याविषयीचे आहेत. नावं आणि ओळखीच्या खुणा काढल्या आहेत.

प्रश्न : लग्न होऊन जळगावहून बडोद्याला आले, त्याला आठ महिने झाले. मिस्टर मकरपुऱ्याला कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. सोसायटीत सगळ्या गुजराती. शेजारच्या बांनी (इथे आजीबाईंना बा म्हणतात) एकदा विचारलं, ‘तुं नवरी छे?’ मी म्हटलं, आता कुठली नवरी, आठ महिने झाले! सगळ्या हसल्या. तेव्हापासून मी खालीच जात नाही. दुपारी उगाच रडू येतं. मी आजारी आहे का?

उत्तर : अहो, बांनी तुम्हाला ‘रिकामी आहेस का?’ एवढंच विचारलं होतं. गुजरातीत नवरो म्हणजे हाताला काम नसलेला, नवरी म्हणजे तशीच बाई. (काही घरांत दोन्ही अर्थ जुळतात, ते सोडा.) इथल्या मराठी घरांत सून आली की हा घोटाळा ठरलेलाच. हसण्याचं मनावर घेतलंत, पण त्या तुम्हाला बोलवत होत्या हे राहूनच गेलं. उद्या चार वाजता खाली जा आणि आपणहून सांगा, ‘बा, हुं नवरी छुं.’

१८८० साली तंजावरची राजकन्या लक्ष्मीबाई सयाजीराव महाराजांची राणी होऊन इथे आली, तीच पहिली चिमणाबाई. तिच्याबरोबर तंजावरहून नर्तकी आणि वादकांचा ताफाच आंदणात आला होता. बडोद्याला भरतनाट्यम माहीत झालं ते त्यामुळे. नाचाचं कौतुक सगळे करतात. मला वाटतं, निदान माहेरचे सूर तरी तिच्या कानावर पडत राहिले असतील. तुम्ही एक बॅग घेऊन आलात. तेव्हा माहेरचे सूर तुम्हाला शोधावे लागणार. दांडिया बाजार, रावपुरा भागात मराठी भजनी मंडळं, वाचनाचे गट सापडतील. मात्र फक्त मराठीच शोधत बसू नका. आठवड्यातून एकदा तिकडे जाल, पण रात्री ताप आला तर दार वाजवायचं ते बांचंच.

गुजराती लिपी शिका. शिरोरेघ काढलेली देवनागरीच ती बरीचशी. काही अक्षरं वेगळी आहेत, तेवढी घोटायची. बसची पाटी वाचता आली की एकटीनं बाहेर पडायचा धीर येतो.

आता आजाराचं. एकटेपणात रडू येतं, पण कोणी बोललं की बरंही वाटतं. दोन आठवडे रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास, झोप-भूक बिघडलेली, आवडीच्या गोष्टीतही जीव लागत नाही, असं असेल तर डॉक्टरांकडे जायचं. सयाजी हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. जगूच नये असं वाटलं तर दोन आठवडे मोजत बसू नका. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं.

प्रश्न : आमचं महिला मंडळ योगवर्ग, आरोग्य शिबिर, संक्रांतीचं हळदीकुंकू असे कार्यक्रम करतं. जवळच्या बांधकामावर दाहोदकडच्या मजूर बायका आहेत, वस्तीत खानदेशातल्या आणि ओडिशातल्या. पत्रकं वाटली, तरी कोणी येत नाही. या बायकांना स्वतःच्या तब्येतीची पर्वाच नसते का?

उत्तर : पत्रक सोबत जोडलंत ते बरं केलंत. मंगळवार, सकाळी अकरा, हॉल दुसऱ्या मजल्यावर. अकरा वाजता ती बाईही दुसऱ्या मजल्यावरच असते, डोक्यावर घमेलं घेऊन. खाडा केला की त्या दिवसाची मजुरी गेली. पत्रक गुजरातीत आहे. दाहोदची बाई घरात भिली बोलते, ओडिशाची उडिया, आणि कित्येकींना कुठलंच वाचता येत नाही.

तुम्हाला बोलते, पण मीही हे केलं आहे. एकदा वस्तीत ‘ताणमुक्ती’वर व्याख्यान ठेवलं. तिघी आल्या, त्यातल्या दोघी पोरांना पंख्याखाली झोपवायला. पुढच्या वेळी व्याख्यान गुंडाळलं. संध्याकाळी साडेसातला त्यांच्याच गल्लीत सतरंजी टाकली, पाण्याचा माठ ठेवला, पोरं सांभाळायला कॉलेजातल्या दोन मुली बसवल्या आणि जुनी लुगडी, दोरे मध्ये ठेवले. गोधडी शिवायला भाषा लागत नाही. हात चालू लागले की तोंडंही सुटतात. तिसऱ्या आठवड्यात एक जण टाका घालता घालता, वर न बघता, आपलं दुखणं सांगू लागली.

ते दुखणं तुमच्या शिबिरात सापडलं नसतं. कामाच्या जागी संडास नाही, म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, ताप. रक्तदाब मोजून हे कळत नाही. बाई डॉक्टर हवी, आडोसा हवा, आणि कंत्राटदाराशी संडासाबद्दल बोलायला मंडळाच्या दोघी-तिघी हव्यात. दिवसभर विटा वाहिलेल्या बाईला सूर्यनमस्कार शिकवू नका. दहा मिनिटं पाठ टेकू द्या.

होळीच्या आगेमागे काही ठेवू नका. भिलांचा तो मोठा सण, दाहोदची माणसं गावी जातात.

हळदीकुंकवाबद्दल मंडळात वाद होईल, तरी लिहिते. वस्तीत विधवा आहेत, टाकलेल्या आहेत, मुसलमान बाया आहेत. ज्यांना सोबतीची सर्वांत जास्त गरज, त्याच तुमच्या दाराबाहेर राहतात. तिळगूळ आणि वाण सगळ्यांना द्या, कपाळाकडे बघूच नका.

प्रश्न : मी नवापूरकडची, पाच घरची धुणीभांडी करते. रेशन कार्ड गावी, सासूजवळ. इथे एकानं सांगितलं, ते रद्द करून आणा. मला चौथा महिना आहे. (पत्र पाचवीतल्या मुलीनं लिहिलं आहे, अक्षर सुरेख आहे.)

उत्तर : रद्द करू नका बाई! ‘वन नेशन वन रेशन कार्ड’मध्ये गावचं कार्ड इथल्या दुकानात चालतं. कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचं असावं आणि आधारला जोडलेलं असावं. कार्डाचा किंवा आधारचा नंबर सांगून बोट लावायचं. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य असतं. तुमच्या वाट्याचं इथे घ्या, सासूबाईंच्या वाट्याचं त्या तिकडे घेतील. राज्य सरकार वेगळं काही देत असेल, ते मात्र इथे मिळणार नाही.

भांडी घासून बोटांचे ठसे पुसट होतात आणि मशीन ‘नाही’ म्हणतं. दुसरं बोट लावून बघा, तरी नाही झालं तर आधार केंद्रावर ठसे नव्यानं द्या.

जवळच्या आंगणवाडीतल्या बेनकडे याच आठवड्यात नाव घाला आणि ममता कार्ड, म्हणजे आईच्या तपासण्यांची आणि बाळाच्या लसींची नोंद ठेवायचं कार्ड, मागा. गावच्या आंगणवाडीत नाव असेल तर पोषण ट्रॅकर या आंगणवाडीच्या सरकारी अ‍ॅपवर ते इकडे हलवता येतं. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर मातृवंदना योजनेत ६००० रुपये मिळतात. मुलगा झाला तर नाही. बँक खातं स्वतःच्या नावावर असू द्या.

प्रश्न : शेजारच्या बंगाली बाईला नवरा मारतो, आवाज येतात. तिला आमची भाषा येत नाही. आम्ही मध्ये पडावं का?

उत्तर : पडा. आवाज येत असतानाच १८१ ला, म्हणजे अभयम या गुजरातच्या महिला हेल्पलाइनला फोन करा. गाडीतून समुपदेशक आणि महिला पोलीस येतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याला खबर कोणीही देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूनं दिलेल्या खबरीबद्दल तुमच्यावर काही येत नाही. तिला वकील फुकट मिळेल. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नवऱ्यासमोर विचारपूस करू नका, तिच्या मोबाइलवर काही लिहून पाठवू नका. वाटीभर साखर मागायला जा. तिला तुमचं दार ओळखीचं झालं पाहिजे.

प्रश्न : आई ७२ वर्षांची. दांडिया बाजारातलं घर सोडून आम्ही गोत्रीला फ्लॅटमध्ये आलो. तिचं भजनी मंडळ सुटलं, दिवसभर टीव्हीसमोर असते. तिच्यासाठी एखादा छंदवर्ग सुचवाल?

उत्तर : छंदवर्ग कशाला? मंडळ ज्या दिवशी बसतं, त्या दिवशी रिक्षा ठरवून द्या. जाण्यायेण्याचे पैसे तुम्ही आधीच देऊन ठेवा, नाहीतर ‘उगाच खर्च’ म्हणून आई घरीच बसतील. आणि त्यांचे टाळ सामान हलवताना कुठल्या खोक्यात गेले, ते आज शोधा.